बोटुकलीसाठी अळीचं खाद्य घरी कसं करायचं

अळीचं, म्हणजे ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीचं खाद्य मोठ्या तलावासाठी नाही, बोटुकलीसाठी, म्हणजे बोटभर वाढणाऱ्या मासोळीच्या पिल्लांसाठी आहे. हे सगळ्यात आधी सांगते, कारण अळीपालनाचं ऐकून जो कोणी आमच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर येतो तो पहिलं हेच विचारतो, "आमचा मामा तलाव वीस एकराचा आहे जी, त्याला किती अळ्या लागतील?" (मामा तलाव म्हणजे पूर्व विदर्भातले जुने माजी मालगुजारी तलाव.) तितक्या अळ्या एका गावाच्या ओल्या कचऱ्यावर होत नाहीत, आणि तलावाला त्यांची गरजही नाही. कतला वरच्या थरातलं प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खाते, रोहू मधल्या थरात चरते, मृगळ गाळ उकरते. ऊन, पाणी, शेण आणि कुजणारा पाला असला की त्यांचं बरंच भागतं. कोहळी समाजाच्या माणसांनी बांधलेल्या तलावांत आणि आम्हा ढिवरांच्या जाळ्यात मासोळी पिढ्यान्‌पिढ्या अशीच आली.

अडचण त्याच्या आधीची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बीज केंद्रातून ऑक्सिजन भरलेल्या पॉलिथिनच्या पिशव्यांत मत्स्यबीज येतं. ते जेमतेम इंचभर असतं. तसंच तलावात सोडलं तर मरळ आणि बाकीच्या शिकारी मासोळ्या ते फस्त करतात, आणि उन्हाळ्यात जाळं ओढलं की सगळे म्हणतात, बीज खराब होतं. बीज खराब नसतं, लहान असतं. तेच दोन-तीन महिने बोडीत वाढवून चार इंचाचं करून सोडलं तर त्यातलं बरंचसं जगतं. म्हणून तलाव घेणाऱ्या प्रत्येक गटाने, प्रत्येक सोसायटीने आपली बोटुकली आपण वाढवावी असं माझं ठाम मत आहे. आणि बोटुकली वाढवायची तर प्रथिनं लागतात.

किती? या वयात खाद्यात ३० ते ३५ टक्के. नुसत्या धानाच्या कोंड्यात १२-१३ टक्क्यांच्या वर नसतात. कोंड्यावर वाढलेली बोटुकली हातात घेऊन बघा. डोकं मोठं, अंग बारीक. ते उपासमारीचं लक्षण आहे. भुईमुगाची ढेप (पेंड) घातली की प्रथिनं वाढतात, पण नुसत्या ढेपेत लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) कमी पडतात. ती मासोळीच्या भुकटीत भरपूर असतात, म्हणून बाजारच्या खाद्यात ती घालतात. एक किलो भुकटीला चार-पाच किलो ताजी समुद्री मासोळी लागते, आणि त्यात तारलीसारखी माणसांना खाता येणारी मासोळीही जाते. आपल्याकडे पोचेपर्यंत ती महाग होते, आणि सुटी घेतली तर त्यात रेती-मीठ मिसळलेलं निघतं. समुद्रातली मासोळी दळून गोड्या पाण्यातली वाढवणं मला पटत नाही. त्या जागी घालायला आपल्याकडे अळी आहे.

कोणती अळी

ब्लॅक सोल्जर माशीची. आपल्या उकिरड्यात ती आहेच. शेणखताचा ढीग उलटताना चपट्या, करड्या, जाड कातडीच्या, बोटाच्या पेरापेक्षा किंचित लहान अळ्या दिसतात, त्याच या. घरमाशीची अळी पांढरी, मऊ, एका टोकाला निमुळती असते. ती नको. सोल्जर माशी स्वतः काळी, लांबट, पायाची टोकं पांढरी. गांधीलमाशी समजून लोक तिला मारतात, पण तिला नांगी नाही. मोठी झालेल्या माशीला अन्नाची गरज नसते, ती पाणी पिते, आठवडाभर जगते आणि मरते. म्हणून ती जेवणावर, जखमेवर बसत नाही. जिथे या अळ्या दाट असतात तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते. आमच्या गटातल्या एका आत्याबाईंची पहिली तक्रार "घरात माशा होतील" हीच होती. आज अळ्यांच्या क्रेटची राखण त्याच करतात.

वाळलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, कॅल्शियमही चांगलं. युरोपीय संघाने २०१७ साली सात जातींच्या कीटकांची भुकटी पाळीव मासोळीच्या खाद्यात चालेल असं ठरवलं, त्यात ही माशी आहे. पण तिथे अळीला काय खाऊ घालायचं यावरही बंधन आहे: मांस, विष्ठा आणि हॉटेलचं उष्टं चालत नाही. आपणही ते पाळायचं.

कधी सुरू करायचं

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) उतरल्यावर. त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अळीला २७ ते ३० अंश मानवतात. ४० च्या पुढे ती क्रेट सोडून पळते नाहीतर मरते. जूनचा पहिला पाऊस पडला की हवा तिच्या सोयीची होते आणि ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते. मत्स्यबीजही याच महिन्यांत येतं, हे जुळून आलेलं आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अळी सुस्तावते, तेव्हा बोटुकलीही नसते, म्हणून काम बंद ठेवलं तरी बिघडत नाही. उन्हाळ्यात करायचंच असेल तर कौलारू पडवीत, गोणपाटाचे ओले पडदे लावून करा. टिनाच्या शेडखाली अजिबात नको.

अंडी मिळवणं

अळीपालन करणाऱ्याकडून विकत घेतली तर काम लवकर सुरू होतं. नाहीतर रानातली माशी बोलवा. झाकणाला भोकं पाडलेल्या बादलीत कोंडा, थोडा शिळा भात आणि पाणी कालवून आंबवायला ठेवा. हातभर लांबीच्या दोन-तीन पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी फट सोडून, रबराने बांधा आणि झाकणावर ठेवा. मादी वास घेत येते, पण ओल्यात अंडी घालत नाही, वरच्या कोरड्या फटीत घालते. फिकट पिवळसर अंड्यांचा पुंजका दिसेल. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी देते आणि एका ग्रॅममध्ये सुमारे चाळीस हजार मावतात.

अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पट्टीवरून ती चाकूच्या बोथट बाजूने हलकेच खरवडून जाळीच्या तुकड्यावर घ्या, आणि ती जाळी ओल्या, बारीक चाळलेल्या कोंड्याच्या ट्रेवर अधांतरी ठेवा. फुटलेल्या अळ्या खाली पडतात. कोंड्यात कोंबड्यांचं चिक फीड थोडं घातलं तर पहिले पाच दिवस जोमाने जातात. या पाच दिवसांत कचरा दाखवू नका.

क्रेट

भाजीवाल्याचे बंद तळाचे क्रेट घ्या, दीड फूट गुणिले दोन फूट. एका क्रेटला पाच दिवसांच्या दहा हजार अळ्या. मोजायच्या कशा? अळ्या चाळून घ्या, दागिने तोलायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक ग्रॅम तोला, त्यातल्या मोजा आणि गुणाकार करा. हा हिशेब टाळू नका. अळ्या कमी पडल्या तर कचरा सडतो आणि वास मारतो, जास्त झाल्या तर बारीक राहतात.

एका क्रेटला बारा दिवसांत पंधरा किलो ओला कचरा लागतो. पाच-पाच किलो करून तीनदा द्यायचा: पहिल्या दिवशी, पाचव्या आणि आठव्या. थर तीन बोटांपेक्षा जाड नको, कारण अळ्या खाताना गरमी सोडतात आणि जाड थराच्या पोटात त्या भाजतात. हात खुपसून बघा. तळवा मागे घ्यावासा वाटला तर लगेच पसरवा. कचरा मुठीत दाबला की बोटांच्या फटींतून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर कोंडा किंवा तणसाची भुकटी मिसळा. पालेभाजी, पपई, केळं यांत पाणी फार, त्यांना कोंडा लागतोच.

कचरा कुठला? आठवडी बाजार उठल्यावर उरलेली कोबीची पानं, टमाटर, वांगी, भोपळा. पंगतीनंतर पातेल्यात उरलेला भात, पण पत्रावळीवरचं उष्टं किंवा मटणाचा रस्सा नाही. राइस मिलमधला भिजलेला कोंडा. संत्र्याच्या पट्ट्यातले लोक गळालेली संत्री घालतात, पण सालीतलं तेल अळीला आवडत नाही, म्हणून ती इतर कचऱ्यात थोडीच मिसळावी.

आता जे सांगते ते नीट ऐका. बाजारच्या वांग्या-मिरचीवर काय काय फवारलेलं असतं ते आपण सगळे जाणतो. ते औषध कीटक मारायलाच केलेलं आहे आणि अळी कीटकच आहे. एका रात्रीत सगळे क्रेट आडवे होऊ शकतात. म्हणून नवा माल आला की आधी एका वाटीत शंभरेक अळ्या त्यावर सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वळवळताहेत तर वापरा. दुसरं, कॅडमियमसारखा जड धातू अळी अंगात साठवते, म्हणून कारखान्याचा गाळ किंवा शहराच्या डम्पिंगचा माल कधीच नाही. मेलेलं जनावर, कोंबडीच्या दुकानातला मैला, संडासचा गाळ हेही नाही. ही मासोळी आपली लेकरं खाणार आहेत.

शत्रू म्हणजे मुंग्या. मुंगळ्यांची रांग लागली की अळीची पैदास संपली समजा. रॅकचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यावर खाद्यतेलाचे दोन थेंब सोडा आणि रॅक भिंतीला टेकू देऊ नका. उंदीर, कोंबड्या, पाली यांच्यासाठी वर जाळी.

किती क्रेट हवेत तेही हिशेबाने ठरवा. दहा गुंठ्यांच्या बोडीत वीस हजार मत्स्यबीज सोडलं आणि त्यातलं साठ-पासष्ट टक्के जगून सात-आठ ग्रॅमपर्यंत वाढलं तर शंभर किलोच्या आसपास बोटुकली होते. तिला दीडशे ते दोनशे किलो खाद्य लागतं. त्यात पाचवा हिस्सा अळी धरली तर तीस-चाळीस किलो वाळलेली अळी झाली. एका क्रेटमधून दीड-दोन किलो ताजी अळी निघते आणि वाळल्यावर तिचा तिसरा हिस्सा उरतो. म्हणजे दहा क्रेट दर बारा दिवसांनी फिरत राहिले तर तीन महिन्यांत एका बोडीचं भागतं. रोजचा कचरा बारा-तेरा किलो. एवढा तर एका मोठ्या गावात रोज फेकला जातो. दहा क्रेट भरायला एका वेळी सुमारे चार ग्रॅम अंडी पुरतात.

पैदाशीसाठी दर खेपेला निम्मा क्रेट बाजूला ठेवा. त्यातल्या अळ्या काळ्या पडू लागतात आणि खाणं थांबवून कोरडी, अंधारी जागा शोधत वर चढतात. क्रेटच्या एका बाजूला तिरकी फळी लावली की त्या स्वतःच चढून पलीकडच्या डब्यात पडतात. डब्यात कोरडा भुसा घाला, अंधारात ठेवा. दहा-पंधरा दिवसांत माश्या निघतात. मच्छरदाणी टांगून त्यात डबा ठेवायचा, मच्छरदाणीला सकाळचं ऊन लागलं पाहिजे. उन्हाशिवाय त्यांचा मेळ होत नाही. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. आत आंबवलेल्या कोंड्याची बादली आणि पट्ट्या. झड लागली, आठ दिवस सूर्य दिसला नाही की अंडी येत नाहीत, त्यावर साध्या बल्बचा उपयोग होत नाही. म्हणून झडीच्या आधी मिळालेल्या अंड्यांतून एक-दोन जादा क्रेट भरून ठेवावेत.

काढणी आणि सुकवणं

बाराव्या दिवशी अळी पिवळट-करडी, गुबगुबीत असते. काळी पडण्याच्या आधीच काढा. काळी झाली की कातडीतलं कायटिन (तिला कडक करणारा पदार्थ) वाढतं आणि लहान मासोळीला ते पचत नाही. शेवटचा दिवस फक्त कोरड्या कोंड्यावर ठेवा, पोट साफ होतं. मग मोठ्या चाळणीने चाळा. खाली पडतं ते अळीखत. महिनाभर मुरवून सांदवाडीतल्या (परसातल्या) वांग्याला, सांबाराला (कोथिंबिरीला) घाला, छान लागू पडतं.

गंजात (मोठ्या पातेल्यात) पाणी खळखळ उकळवून अळ्या दोन-तीन मिनिटं त्यात सोडा आणि उपसून काढा. याने त्या लगेच मरतात, अंगावरचे जंतू मरतात आणि वाळताना त्या काळ्या पडत नाहीत. जिवंत अळी उन्हात तडफडत ठेवणं मला बघवत नाही आणि त्याने मालही खराब होतो.

ऊन असेल तर बांबूच्या ताटव्यावर पातळ पसरा, वर मच्छरदाणीचा कपडा. दोन कडक उन्हं लागली की चिमटीत मुरमुऱ्यासारखी फुटते. न फुटता वाकली तर ओल आहे, पुन्हा वाळवा. ओल राहिलेल्या मालाला बुरशी येते. हेच भुईमुगाच्या ढेपेलाही लागू आहे. बुरशीच्या ढेपेतलं अफ्लाटॉक्सिन हे विष मासोळीचं काळीज (यकृत) खराब करतं, म्हणून हिरवट-काळे डाग असलेली ढेप स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. वाळलेली अळी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन महिने टिकते. पुढे तिच्यातलं तेल खवट होतं. नाकाने ओळखा.

आणि झडीत? वाळवायच्या फंदात पडू नका. उकळलेली अळी मिक्सरमध्ये किंवा पाट्यावर वाटा आणि त्याच दिवसाच्या खाद्यात कालवा. एक किलो वाळलेलीच्या जागी तीन किलो ताजी धरायची, पाणी त्या मानाने कमी घालायचं. जुलै-ऑगस्टमध्ये हेच जास्त कामाला येतं.

खाद्य कालवणं

दहा किलो खाद्याला भुईमुगाची ढेप पाच किलो, वाळलेली अळी दोन किलो, कोंडा दोन किलो तीनशे ग्रॅम, गव्हाचं पीठ अर्धा किलो, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम. यात प्रथिनं ३३ टक्क्यांच्या आसपास भरतात. कोंडा राइस मिलच्या पॉलिशचा घ्या. गावच्या हलरच्या कोंड्यात भुसा फार असतो. अळी दोन किलोच्या वर नेऊ नका. जास्त म्हणजे जास्त चांगलं असं इथे नाही, कायटिन आणि तेल दोन्ही वाढतं.

ढेप रात्री भिजवून ठेवा. पीठ पाण्यात शिजवून त्याची खळ करा, ती बाकी सगळं धरून ठेवते. पहिले पंधरा दिवस गोळे नकोत, लहान तोंडात जात नाहीत. सगळं वाळलेलं दळून, वस्त्रगाळ करून भुकटीच द्या, वाऱ्याच्या बाजूने पाण्यावर भुरभुरवा. झडीत ताजी अळी वापरत असाल तर अगदी बारीक वाटून भुकटीत चोळा. बोटुकली दोन इंचाची झाली की लिंबाएवढे गोळे करून ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रे पाण्यात हातभर खाली सोडा.

रोज किती, हे बोडीला विचारायचं. जाळीने वीस-पंचवीस बोटुकल्या काढा, एकत्र तोला, सरासरी काढा. एक ग्रॅमची असेल तर वीस हजारांचं वजन वीस किलो, त्याच्या सहा टक्के म्हणजे सव्वा किलो. चार ग्रॅमची झाली आणि पंधरा हजार उरल्या असं धरलं तर साठ किलो, त्याच्या चार टक्के म्हणजे अडीच किलोच्या जवळ. दोन वाट्यांत द्या, सकाळी ऊन वर आल्यावर आणि दुपारी चारच्या सुमारास. दोन तासांनी ट्रे वर काढा. उरलं असेल तर उद्या कमी. आभाळ भरून आलेलं असेल, पहाटे बोटुकली वर येऊन तोंड उघडत असेल, तर त्या दिवशी खाद्य बंदच. पाण्यात प्राणवायू कमी आहे, न खाल्लेलं कुजून तो आणखी कमी करेल.

मरळ, मागूर, शिंगी पाळणाऱ्यांनी उकळून तुकडे केलेली ताजी अळी द्यावी, ती आवडीने खातात. मागूर मात्र देशीच पाळा. थाई मागुरावर बंदी आहे, ती बाकी सगळी मासोळी संपवते.

अळ्यांवर वाढलेली मासोळी कोण खाणार, असं कोणी म्हटलं तर त्यांना सांगा, पावसात दिव्याखाली पडणारे किडे मासोळी झेप घेऊन खाते ते तुम्ही लहानपणापासून बघता. कीटक हे तिचं जन्माचं अन्न आहे.

बोटुकली चार इंचाची झाली, साधारण ऑक्टोबरमध्ये, की तलावात न्यायच्या आदल्या दिवशी खाद्य थांबवा. भरल्या पोटी नेली तर वाटेत घाण करते आणि मरते. पहाटे जाळं ओढा, काही तास हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, वाहत्या किंवा हलवलेल्या पाण्यात ठेवा. तलावावर पोचल्यावर हांड्यात तलावाचं पाणी थोडं थोडं ओतत पाव तास जाऊ द्या, मग हांडा तिरका करून तिला स्वतःहून बाहेर पोहू द्या.